चाकाचे आठ फेरे

पाव मैलाच्या ड्रॅग रेसचं अंतर ४०२ मीटर. पण तिचं नशीब बहुतेक वेळा पहिल्या ६० फुटांत, म्हणजे जेमतेम १८.३ मीटरमध्ये ठरतं. अमेरिकेतल्या हौशी रेसर मंडळींची लाडकी गाडी घ्या: १९७९ ते १९९३ या काळातली फोर्ड मस्टँग, ‘फॉक्स बॉडी’ म्हणतात ती. मागे २८ इंच व्यासाचे स्लिक टायर चढवले, की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सव्वादोन मीटर पुढे जाते. म्हणजे सगळा खेळ आठ फेऱ्यांचा. मुरलेल्या हातांनी तयार केलेली गाडी ते १.३ सेकंदांत संपवते.

तेवढ्या वेळात किती उलथापालथ होते! गाडी ड्रायव्हरसकट १४०० किलोची धरू, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.५५ मीटर. प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट झाला, की जवळपास ५५० किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातो. तो किती जोरात आदळतो आणि तिथे टिकतो का, हे सस्पेन्शनच्या हातात. ड्रायव्हरला फक्त पाठीला बसलेला धक्का कळतो. वेळेची स्लिप सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत आकडा देते, पण कारण सांगत नाही.

कारण व्हिडिओत सापडतं. टायरवर पहिला ताण येतो तो सुरुवातीच्या दशांश सेकंदात. सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या चित्रणात त्याच्या वाट्याला तीन फ्रेम येतात. फोनच्या स्लो मोशनमध्ये, २४० च्या वेगाने, त्याच क्षणाच्या २४ फ्रेम होतात, आणि आठ फेऱ्यांच्या ३१२. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये २० लाखांहून जास्त बिंदू. ३१२ फ्रेमचे मिळून सुमारे ६५ कोटी. खिशातल्या फोनने सव्वा सेकंदात एवढं टिपावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मात्र फोन चाकाच्या मध्याच्या उंचीवर, गाडीला काटकोनात, ट्रायपॉडवर हवा. चौकट ६ मीटर रुंद ठेवली तर एक बिंदू म्हणजे ३ मिलिमीटर. गाडी ०.४ सेकंदात चौकटीबाहेर जाऊ लागते, पण पहिला हिसका तोवर उरकलेला असतो. पुढचं टिपायला दुसरा फोन गाडीबरोबर फिरवायचा, आणि तिथे शटर वेगवान हवं: सेकंदाला २५ मीटर वेगात १/२४० सेकंदाच्या शटरमध्ये गाडी १० सेंटिमीटर सरकते, चित्र फासलं जातं. १/२००० ला ती सरकते सव्वा सेंटिमीटर.

आता एक फसलेलं लाँच फ्रेम-फ्रेमने पाहू. टायरच्या भिंतीवरून रिमपर्यंत खडूची सरळ रेघ ओढली आहे, मडगार्डच्या कडेला पांढरी टेप लावली आहे. पहिल्या काही फ्रेममध्ये रेघ वाकते: रिम फिरली, टायर जमीन धरून आहे. भिंतीवर सुरकुत्या पडतात. मग टायर आणि टेप यांतली फट १० बिंदूंनी, म्हणजे ३ सेंटिमीटरने वाढते. मागच्या ॲक्सलच्या चार दांड्या बॉडीला वर रेटतात आणि तेवढ्याच जोराने टायर खाली दाबला जातो. इथवर उत्तम. चाळिसाव्या फ्रेमच्या आसपास फट वाढायची एकदम थांबते, कारण शॉक ॲब्झॉर्बर पूर्ण ताणला गेलाय. लगेच सुरकुत्या विरतात आणि खडूची रेघ गरगर फिरू लागते. ड्रायव्हर म्हणतो, ट्रॅकला ग्रिपच नव्हती. फ्रेम सांगते, ग्रिप होती, शॉकची लांबी संपली. उपाय म्हणजे मागच्या शॉकचं उघडणं दोन क्लिक कडक करायचं, बॉडी सावकाश वर येऊ द्यायची. पुढचे शॉक याउलट थोडे सैल, नाक उचलायला. फार सैल केले तर चाकं हिसक्याने हवेत जातात.

टॉप फ्युएल ड्रॅगस्टरला तर मागे सस्पेन्शनच नसतं. ११ हजार अश्वशक्तीहून जास्त ताकद, आणि ॲक्सल थेट सांगाड्याला जखडलेला. स्प्रिंगचं काम टायरची भिंत करते. तिथे सुरकुत्या वाचणं हीच विद्या.

मस्टँगवाल्याने एका वेळी एकच बदल करावा आणि फोन त्याच जागी ठेवावा. समजा ६० फुटांत ५ शतांश सेकंद वाचले. ट्रॅकवरचा रूढ हिशेब असा, की शेवटी त्याचे साधारण दीडपट होतात: ०.०७५ सेकंद. ताशी २४० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात गाडी ५ मीटर जाते, आणि अख्खी मस्टँग आहे साडेचार मीटरच्या जराशी वर.