अल्ट्रासाउंडचा शेक : किती उपयोगाचा, कुणी टाळायचा?

चार ज्येष्ठ सभासद एकत्र बसले की गुडघा, टाच, खांदा हे विषय निघतातच. त्यात कुणीतरी सांगतं, "मला दहा सिटिंग अल्ट्रासाउंड सांगितलंय." मग शंका सुरू होतात. सोनोग्राफी तर पोटाची असते, गुडघ्याची कशाला? यात करंट लागतो का? खरंच बरं वाटतं का? या शंकांची उत्तरं आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

सोनोग्राफी आणि हा उपचार

दोन्हींत वापरतात तो आवाजच, पण आपल्या कानाला ऐकू न येणारा. काही स्फटिकांना दाब दिला की वीज निर्माण होते, हा शोध पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली लावला. त्याच्या उलटही घडतं : अशा स्फटिकाला वीज दिली की तो थरथरतो आणि आवाजाच्या लहरी निघतात. सोनोग्राफीत या लहरींचा प्रतिध्वनी टिपून चित्र तयार करतात. उपचारात चित्र काढायचं नसतं. लहरींची ऊर्जा दुखऱ्या भागात सोडायची असते. वीज मशीनमध्येच राहते, शरीरात जातात त्या फक्त लहरी. एक्स-रेसारखे किरणही यात नसतात.

टेबलावर काय होतं?

फिजिओथेरपिस्ट आधी त्वचेवर जेल लावतात. मध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी लहरी परत फिरतात, आत जात नाहीत. म्हणून जेल हवंच. साधारण १ मेगाहर्ट्झच्या लहरी ३ ते ५ सेंटिमीटर खोल पोहोचतात, तर ३ मेगाहर्ट्झच्या १ ते २ सेंटिमीटर. म्हणजे मांडीच्या खोल स्नायूला पहिला प्रकार आणि घोट्यासारख्या वरवरच्या भागाला दुसरा. एका जागी सहसा ५ ते १० मिनिटं उपचार चालतो आणि तेवढा वेळ मशीनचं डोकं सतत गोल फिरवत ठेवावं लागतं. एकाच ठिकाणी धरलं तर आतला भाग भाजू शकतो.

लहरी अखंड सोडल्या तर आत ऊब निर्माण होते. थांबून थांबून सोडल्या तर ऊब फारशी होत नाही. ताज्या दुखापतीत हा प्रकार वापरतात. हलकी ऊब जाणवणं किंवा काहीच न जाणवणं, दोन्ही ठीक. टोचल्यासारखं किंवा भाजल्यासारखं वाटलं तर संकोच न करता तिथल्या तिथे सांगावं.

गुण किती येतो?

हा उपचार अनेक दशकं वापरात आहे, पण त्याच्या नावाइतका भक्कम पुरावा त्याच्यामागे नाही. घोटा मुरगळणं आणि जुनी कंबरदुखी यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा ठळक फायदा दिसला नाही. गुडघ्याच्या झिजेत थोडा उपयोग होत असावा, पण किती, हे नक्की ठरलेलं नाही. खांद्याच्या टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, कॅल्शियम साठल्यास मात्र फायदा आढळला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्नातील अभ्यासात २४ सिटिंगनंतर दुखणं अधिक कमी झालं आणि साठलेलं कॅल्शियमही घटलं. पण नऊ महिन्यांनी पाहिलं तर दुखण्यातला फरक फारसा उरला नव्हता.

मोडलेलं हाड लवकर जुळावं म्हणून घरी रोज २० मिनिटं लावायचं सौम्य अल्ट्रासाउंडचं वेगळं यंत्र मिळतं. नडगीचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या ५०१ रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात त्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली आले : हाड लवकर जुळलं नाही आणि माणसं लवकर हिंडूफिरूही लागली नाहीत.

मग हा उपचार घेऊच नये का? तसं नाही. दुखणं थोडं हलकं झालं की व्यायाम करता येतो, आणि गुडघा किंवा खांदा सुधारतो तो मुख्यतः व्यायामाने. अल्ट्रासाउंड हा मदतनीस आहे. 'शेक घेऊन आलो, आता व्यायामाची गरज नाही' असं समजून घरी बसलो, तर वेळही जातो आणि पैसेही.

कुणी सांभाळावं?

• मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर आधी सांगावं. भाजलेलं कळत नाही, हाच मोठा धोका.
• गरोदरपणात पोट आणि कंबर यांवर हा उपचार घेऊ नये.
• कर्करोगाची गाठ, जंतुसंसर्ग किंवा शिरेत रक्ताची गुठळी असलेल्या जागी नको.
• पेसमेकरच्या आसपास, डोळ्यांवर आणि वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांवर टाळावा.
• गुडघा किंवा खुबा बदलला असेल तर त्यातल्या सिमेंट-प्लास्टिकमुळे त्या जागी टाळतात. शस्त्रक्रिया झाल्याचं आठवणीने सांगावं.

विचारायचे तीन प्रश्न

पहिल्याच दिवशी विचारावं : माझं नेमकं निदान काय? यासोबत घरी कोणते व्यायाम करायचे? किती सिटिंगनंतर गुण आला की नाही हे पाहणार? चांगले फिजिओथेरपिस्ट या प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट त्यांना बरंच वाटतं. आणि केवळ मशीन लावून, व्यायाम न शिकवता रोज घरी पाठवत असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा.

यंत्र विकत आणून घरच्या घरी प्रयोग करू नयेत, अशी सर्व सभासदांना आमची विनंती आहे. घरात आई-बाबा किंवा आजी-आजोबा हा उपचार घेत असतील, तर एखाद्या दिवशी त्यांच्यासोबत जा आणि व्यायाम पाहून या. रोज आठवण करून देणारं कुणी घरात असलं की व्यायाम चुकत नाहीत.