बारमाही पाणी, पण नदी किती जिवंत?

कर्जत तालुक्यात कडाव, कशेळे परिसरात नदीचा विषय निघाला की बोलणे पाण्यावरच येऊन थांबते: किती आहे, किती दिवस टिकेल, पिण्याजोगे आहे का. त्याला कारणही आहे. 1922 साली भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावर ठोकरवाडीच्या धरणात अडवलेले आंध्रा नदीचे पाणी तिथे वीज करून खाली सुटते आणि पेज नदीत येते. म्हणून पेज बारमाही वाहते, तर शेजारचे कितीतरी ओढे चैत्रात चार-दोन डोहांपुरते उरतात. तरीही पाण्याची मोजदाद म्हणजे नदीची तपासणी नव्हे. ओढा कसा चालतो हे त्यात कोण कोणाला खाते, कोण कोणाची जागा घेते आणि कोण कोणाला वाहून नेते यावरही तितकेच ठरते, आणि नदी वाचवण्याच्या आपल्या योजनांमध्ये नेमका हाच हिशेब गाळला जातो.

आपल्या ओढ्यांतला मळ्या घ्या. हनुवटीखालच्या चकतीने तो वाहत्या पाण्यात खडकाला धरून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. बाजारात त्याला फारसा भाव नाही. पण असा मासा काढून घेतला तर काय होते, याचा एक प्रयोग व्हेनेझुएलात झाला आणि त्याचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. ब्रॅड टेलर, अलेक्झांडर फ्लेकर आणि रॉबर्ट हॉल यांनी एका ओढ्याची लांबीच्या दिशेने प्लास्टिकने दोन भागांत वाटणी केली आणि एका भागातून तळचा गाळ खाणारी एकच जात हटवली. त्या भागात तळावरचा थर वाढला आणि प्रवाहाबरोबर खाली जाणारे सेंद्रिय अन्न घटले. माशांच्या इतर जाती तिथे भरपूर होत्या. तिची उणीव त्यांच्याने भरून निघाली नाही. व्हेनेझुएलाचा निष्कर्ष जसाच्या तसा कर्जतला लावता येणार नाही, हे खरे. पण ‘एक जात गेली तर दुसरी तिचे काम करील’ हे गृहीत धरण्याचा अधिकार या प्रयोगानंतर आपल्याला राहत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पावसाचा आहे. आषाढात लोंढा येतो, दगडगोटे उलटेपालटे होतात, सगळे धुऊन जाते; मग कोण कोणाला खातो याला महत्त्व ते काय? कॅलिफोर्नियातल्या ईल नदीवर मेरी पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केले. तिथे वाळूखड्यांचे कवच अंगावर वागवणारे किडे शेवाळ खातात, आणि त्या कवचामुळे मासे त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. मोठा पूर आला की हे किडे चिरडले जातात. त्यांच्या जागी माशांना खाता येतील असे किडे वाढतात आणि शेवाळ किती माजणार हे माशांवर ठरू लागते. पूर आला नाही, किंवा धरणाने तो अडवला, तर कवचवाले टिकतात आणि माशांचा प्रभाव ओसरतो. पूर ही नाती पुसत नाही, ती नव्याने मांडतो. म्हणूनच पेजेसारख्या नदीत, जिथे वीजकेंद्राच्या गरजेप्रमाणे पाणी सुटते, प्रवाह बदलला की केवळ पातळी बदलते असे मानणे चूक आहे. उलट, उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यांत खेकडे, मुरी, शिंगटी सगळी एकाच डोहात कोंडली जातात आणि त्या महिन्यांत ही झटापट सर्वांत तीव्र होते.

नाती फक्त खाण्याची नसतात. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची पिल्ले सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात आणि मग गळून तळाशी बसतात. शिंपला स्वतः प्रवाहाविरुद्ध फार दूर जाऊ शकत नाही. त्याची वस्ती वर सरकते ती माशांच्या जिवावर. पहिल्या पावसात अंडी घालायला चढणारे वलगणीचे मासे एखाद्या सिमेंटच्या बंधाऱ्याने अडवले, तर नुकसान माशांपुरते राहत नाही. पाणी गाळून स्वच्छ करणारे शिंपलेही वरच्या टप्प्यातून हळूहळू कमी होऊ शकतात. वलगणीला मासे पकडणाऱ्या कातकरी-ठाकूर बांधवांकडे बोट दाखवणे सोपे आहे, आणि चढणीवरच्या माशांना जपले पाहिजे हेही खरे. पण हाताने आणि सापळ्याने केलेली मासेमारी एकीकडे आणि डोहात ओतलेली ब्लीचिंग पावडर दुसरीकडे, या दोन्हींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. पावडर किडे, खेकडे, पिल्ले असे सगळेच मारते.

राहिला बाहेरच्या माशांचा प्रश्न. डास आवरावेत म्हणून गप्पी-गंबुशिया आणि स्वस्त मासळी मिळावी म्हणून चिलापी पाण्यात सोडली जाते. हेतू चांगला आहे, आणि बंदिस्त टाकीत गप्पी सोडायला हरकतही नाही. मात्र गंबुशिया बेडकांची आणि माशांची पिल्लेही खातो, आणि डासांच्या अळ्या खाणारा पिकू आपल्याकडे मुळचाच आहे. 1952 साली भारतात आलेली चिलापी देशभरच्या जलाशयांत पसरली. एकदा पसरलेली जात परत गोळा करता येत नाही. आफ्रिकन मांगूरवर 2000 साली बंदी आली, तीही तो अनेक ठिकाणी पोहोचल्यानंतर. म्हणून कर्जत-खालापूरच्या ग्रामपंचायतींना विनंती आहे: वाहत्या ओढ्यात बाहेरचा मासा सोडू देऊ नका, नवा बंधारा बांधताना माशांना चढायला वाट ठेवा, आणि डोहात पावडर टाकणाऱ्याला गावाने अडवा.