सुरत जिल्ह्याची शिदोरी

संपन्न जिल्हा आणि स्वावलंबी जिल्हा या दोन गोष्टी एक नव्हेत. सुरत जिल्ह्याच्या काळ्या जमिनीला काकरापार व उकाईच्या कालव्यांनी तापीचे पाणी दिले; ऊस वाढला, बारडोलीत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. परंतु उसाने तिजोरी भरते, कणगी नव्हे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहर बुडाले, तेव्हा चोहीकडे पाणी असून लोक पिण्याच्या पाण्याला मोताद झाले. संकटाची शिदोरी म्हणजे उंचवट्यावर साठविलेले धान्य, निर्मळ विहीर आणि संघटित माणसे. पैकी संघटनेचा धडा याच मातीत आहे : १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात वल्लभभाईंनी ठिकठिकाणी छावण्या उभारून खेड्याखेड्यांत बातमी पोचती केली. धान्य आणि विहीर मात्र प्रत्येक गावाने आपली आपणच राखावयास हवी.