आधी भिंतीचा कोन

सकाळी ८. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या जुन्या घराची बैठक. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ इथे स्थिरावला, त्याचंच पुढे लश्कर शहर झालं. अशा जुन्या वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर गिलाव्याचे थरावर थर चढलेले असतात, कोपरे काटकोनात राहत नाहीत, म्हणून पहिलं काम कोनमापकाचं. छताखाली, जिथे कॉर्निसची पट्टी बसणार, तिथेच तो धरायचा. एक कोपरा ९२ अंशांचा निघतो, समोरचा ८८चा. दोन्ही आकडे तिथेच पेन्सिलीने लिहितो.

९.३०. अंगणात मायटर सॉ मांडतो. पातं शंभर दातांचं. दात विरळ असले की लाकडाची कड फुटते. मशीनवर शून्य म्हणजे सरळ काप, म्हणून १८०तून कोन वजा करून निम्मे करायचे. ९२च्या कोपऱ्याला ४४, ८८ला ४६. सरसकट ४५वर कापलं, तर दहा सेंटिमीटरच्या पट्टीच्या सांध्यात तीन-साडेतीन मिलिमीटरची फट पडते.

११. पट्टी मशीनवर उलटी ठेवायची. मशीनचा तळ म्हणजे छत, मागची उभी फेन्स म्हणजे भिंत. आतल्या कोपऱ्याला भिंतीकडची कड लांब राहते, बाहेरच्या कोपऱ्याला छताकडची. हाताखालच्या मुलाला हे तुकडा हातात देऊनच शिकवतो. पट्टी सरकू नये म्हणून समोर ठोकळा आवळतो. चष्मा आणि मास्क लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पातं पूर्ण थांबल्याशिवाय वर उचलायचं नाही.

दुपारी १. आधी उरलेल्या तुकड्यांवर काप घेऊन कोपऱ्यात धरून बघतो. घरच्या काकू खालून विचारतात, "भाऊ, फट राहणार नाही ना?" तुकडे जुळलेले त्यांना दाखवतो, मगच लांब पट्टीला हात लावतो.

२.३०. आतल्या कोपऱ्यांत नुसता तिरपा सांधा मी ठेवत नाही. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं आणि असा सांधा उघडा पडतो. एक पट्टी सरळ कापून कोपऱ्यात भिडवायची. दुसरीला तिरपा काप दिला की नक्षीची कड उमटते. त्या कडेने कोपिंग करवत चालवून मागचं लाकूड काढायचं आणि कानस मारायची. ती पहिलीच्या अंगावर चपखल बसते, थोडी आकसली तरी फट चटकन दिसत नाही. या कामाला घाई चालत नाही.

४.३०. भिंतीत गट्ट्या ठोकून, दोघांनी पट्टी उचलून स्क्रू आवळतो. लांबीतले जोड एकावर एक तिरपे.

६. भुसा झाडून खोली परत देतो. उद्या लांबी (पुट्टी) आणि रंग. लांबी स्क्रूची भोकं बुजवण्यासाठी आहे. चुकीचा काप तिच्याखाली दडवायचा नसतो. जयविलास राजवाड्याचं छत पाहिलेल्या या शहराला कोपऱ्यातला खोटेपणा लगेच कळतो.