नव्वद टक्क्यांवर अडलेली डीव्हीडी

डीव्हीडी राइट होता होता अडली की लोक पडद्यावरचा संदेश टिपून घेतात. ‘राइट एरर’, ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’, ‘सेमाफोर टाइमआउट’ अशी ती भाषा. जाणकाराला त्यातून धागा मिळतो, बाकीच्यांना घाम फुटतो. पण टिपायचंच असेल तर आणखी एक गोष्ट टिपावी: पट्टी किती टक्क्यांवर थांबली? संदेशापेक्षा हा आकडा पुष्कळदा जास्त बोलतो.

आता डीव्हीडी कोण बनवतं, असं कुणी विचारेल. विचारणं रास्तच आहे. सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्कांचं उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवलं. ग्रेटर नोएडाची मोझर बेअर एके काळी जगातल्या मोठ्या डिस्क-उत्पादकांपैकी एक होती, तीही २०१८ साली अवसायनात गेली. तरी घरोघरी लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी आणि मुंजीच्या मिनीडीव्ही टेप पडून आहेत. कोकणातल्या पावसाळी हवेत त्यांना बुरशी धरायच्या आत त्या उतरवून घ्यायच्या असतात. आणि आजीला मोबाइलवर नातवाचा वाढदिवस दाखवला तर ती दोन मिनिटं बघते, पण तिच्या प्लेयरमध्ये डिस्क टाकली तर तासभर बसते. रिमोटची तीन बटणं तिच्या बोटांना पाठ असतात.

तर टक्के. कोऱ्या डिस्कमध्ये प्लास्टिकचे दोन पातळ थर चिकटवलेले असतात, प्रत्येकी ०.६ मिलिमीटरचा. त्यांच्यामध्ये रंगद्रव्याचा एक थर असतो. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेसर ते द्रव्य तापवून त्यात खुणा उमटवतो. या खुणा एका लांबलचक सर्पिलावर असतात आणि त्याच्या शेजारशेजारच्या वेटोळ्यांत अंतर असतं फक्त ०.७४ मायक्रॉन. लेखन सुरू होतं मध्याच्या भोकाजवळून आणि सरकत जातं बाहेरच्या कडेकडे. म्हणजे टक्क्यांचा आकडा हा डिस्कवरचा पत्ताच असतो.

शून्यावर किंवा एक-दोन टक्क्यांत गाडी अडली तर लेसरला अंदाजच आला नाही असं समजावं. लिहायला लागण्याआधी रायटर डिस्कच्या आतल्या भागात राखून ठेवलेल्या जागेत थोडं लिहून बघतो आणि लेसर किती तीव्र ठेवायचा ते ठरवतो. ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येतो तो इथे. लेन्सवर धूळ बसली असेल, लेसर म्हातारा झाला असेल, किंवा ही डिस्क रायटरच्या ओळखीची नसेल. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर ती बनवणाऱ्या कारखान्याचा संकेत आधीच कोरलेला असतो आणि रायटरच्या फर्मवेअरमध्ये त्या-त्या संकेतासाठी लेखनाची वेगळी कृती साठवलेली असते. संकेत यादीत सापडला नाही तर रायटर ढोबळ मानाने काम रेटतो. खोक्यावरचं नाव तेच, पण आतला माल या वर्षी एका कारखान्याचा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याचा, असं सर्रास घडतं. त्यामुळे ‘मागच्या वेळी याच कंपनीच्या डिस्क छान चालल्या होत्या’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो.

८५-९० टक्क्यांपुढे अडणारी डिस्क ही वेगळीच तक्रार. रंगद्रव्य सगळीकडे सारखं पसरलेलं नसलं तर ते बहुधा बाहेरच्या कडेला उघडं पडतं. बोटांचे ठसेही तिथेच. त्यात १६ एक्सचे रायटर आत सुमारे ६ एक्सने सुरुवात करतात आणि पूर्ण १६ एक्स गाठतात ते थेट कडेला. त्या वेगात डिस्क मिनिटाला नऊ-दहा हजार फेऱ्यांच्या घरात फिरत असते. वर कुणी हौसेने जोडप्याच्या फोटोचा कागदी स्टिकर चिकटवला असेल आणि तो केसभर सरकला असेल, तरी डिस्क थरथरते. स्टिकर लावूच नये, नाव मार्करने लिहावं. बॉलपेन तर नकोच.

अशा वेळी वेग कमी करावा, पण अगदी तळाला नेऊ नये. ‘जितकं हळू तितकं चांगलं’ हा समज सीडीच्या जमान्यातला आहे. १६ एक्ससाठी बनवलेलं द्रव्य २ एक्सवर कधी कधी उलट वाईट लिहिलं जातं. ४ किंवा ८ एक्स हा माझ्या मते सर्वांत शहाणा वेग. ४ एक्सला पूर्ण डिस्क साधारण पंधरा मिनिटांत होते. तेवढी घाई कुणालाच नसते.

साडेआठ जीबीच्या दुहेरी थराच्या डिस्कला मात्र पन्नास टक्क्यांच्या आसपास दम लागतो. तिथे लेसर पहिला थर संपवून दुसऱ्यावर उडी घेतो आणि ही उडी नेमकी बाहेरच्या भागातच पडते. घरगुती चित्रणासाठी या डिस्कच्या वाटेला जाऊ नये. त्या महाग असतात आणि जुने प्लेयर त्या थराशी अडखळतात. दोन साध्या डिस्क कराव्यात, एकीवर हळद आणि लग्न, दुसरीवर रिसेप्शन.

पट्टी कुठेही, दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडत असेल, तर डिस्कला दोष देऊ नये. मग वायर तपासावी. ‘सेमाफोर टाइमआउट’चा अर्थ इतकाच, की संगणकाने रायटरला हाक मारली आणि ठरल्या वेळेत ओ आली नाही. यूएसबीवर चालणाऱ्या पातळ रायटरला लेखनाच्या वेळी एका पोर्टची वीज पुरत नाही असं बरेचदा होतं. तो हबला न लावता डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट लावावा, दोन शेपट्यांची केबल मिळाली असेल तर दोन्ही टोकं खोचावीत. जुन्या, रुंद पट्टीच्या केबलवाल्या संगणकांत आणखी एक खोड आहे: वारंवार चुका झाल्या की विंडोज गुपचूप त्या रायटरला डीएमएवरून पीआयओ या मंद पद्धतीवर नेऊन बसवते. मग रायटर चांगला असूनही बैलगाडीसारखा चालतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो चॅनल काढून टाकून संगणक पुन्हा सुरू केला की बहुधा ताळ्यावर येतो.

हे सगळं झालं डिस्कचं. माझं ठाम मत असं, की ‘डीव्हीडी बर्न होत नाही’ अशी हाकाटी होते त्यातला मोठा भाग बर्निंगचा नसतोच. तो व्हिडिओचा असतो. एमपी४ फाइल डिस्कवर कॉपी केली म्हणजे टीव्हीवर दिसेल असं लोकांना वाटतं. ती झाली डेटा डिस्क. प्लेयरला हवी असते डीव्हीडी-व्हिडिओ, म्हणजे एमपेग-२ चित्र, पाल पद्धतीत ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, ४८ किलोहर्ट्झचा आवाज, आणि हे सगळं ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी फाइलींच्या ठरलेल्या रचनेत. डीव्हीडीफ्लिक किंवा डीव्हीडीस्टायलर यांसारखे मोफत प्रोग्रॅम हे रूपांतर करून देतात.

जागेचा घोळही इथलाच. दोन जीबीची फाइल ४.७ जीबीच्या डिस्कवर मावत नाही म्हणून लोक चिडतात. पण एमपेग-२ मध्ये जाताना मूळ फाइलच्या आकाराला किंमत नसते, किंमत असते तासांना. दोन तासांच्या चित्रणाला सेकंदाला सरासरी ५.२ मेगाबिट मिळतात, चित्र बरं राहतं. तीन तास कोंबले तर साडेतीनच्या आत यावं लागतं आणि वरातीतल्या नाचात चौकोन दिसू लागतात. शिवाय ४.७ जीबी हा आकडा दशमान पद्धतीचा आहे. विंडोजच्या मोजणीत ती जागा ४.३८ जीबीच भरते, म्हणून ४.५ जीबीचा फोल्डर परत पाठवला जातो.

मोबाइलचं चित्रण आणखी हट्टी. फोन सेकंदाला फ्रेम कमी-जास्त करत जातो आणि जुने प्रोग्रॅम ते एकसारखं धरून चालतात, मग पाऊण तासाने ओठ आणि आवाज यांची फारकत होते. आधी हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये फाइल ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ वर करून घेतली तर ही कटकट टळते. तिथेच एचईव्हीसी फाइल एच.२६४ करून घ्यावी. आणि ‘आईची एकसष्टी.एमपी४’ असं देवनागरी नाव असेल तर ते बदलून रोमन लिपीत, छोटं आणि मधे जागा न सोडता ठेवावं. जुन्या प्रोग्रॅमांना आपली लिपी पचत नाही आणि ते तसं सांगतही नाहीत, भलताच एरर देतात. असाच एक फसवा एरर ‘जागा शिल्लक नाही’ हा: तात्पुरती फाइल एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर बनत असली की ४ जीबीला हटकून अडते, मग ड्राइव्ह निम्मा रिकामा का असेना.

म्हणून काम दोन टप्प्यांत तोडावं. सगळं एका बटणात करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये निम्मी पट्टी रूपांतराची आणि निम्मी लेखनाची असते, तिथे टक्क्यांवरून काहीच कळत नाही. आधी हार्ड डिस्कवर फक्त आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, बनवावी. ती व्हीएलसीमध्ये उघडून पाहावी, सुरुवात, मध्य आणि शेवटची पाच मिनिटं. तिथे आवाज मागे पडत असेल तर डिस्क जाळण्यात अर्थ नाही. सगळं नीट असेल तरच इमगबर्नसारख्या प्रोग्रॅमने ती डिस्कवर उतरवावी आणि ‘व्हेरिफाय’ची खूण सोडू नये. ‘यशस्वी’ असा संदेश म्हणजे लेसरने आपलं काम संपवलं, एवढंच. लिहिलेलं वाचता येतं का, हे पडताळणीतच कळतं.

डिस्क संगणकात चालते आणि टीव्हीच्या प्लेयरमध्ये ‘नो डिस्क’ येतं, तेव्हा ती फायनलाइज केली होती का, म्हणजे लेखन संपल्यावर बंद केली होती का, ते पाहावं. शंभर टक्क्यांनंतर रायटर घुटमळतो तेव्हा तो हेच काम करत असतो, त्याला मधे बंद करू नये. फायनलाइज झालेली असूनही चालत नसेल तर डिस्कचा प्रकार पाहावा. डीव्हीडी-आर बाजारात आली १९९७ मध्ये, प्लस-आर २००२ मध्ये, त्यामुळे फार जुन्या प्लेयरला मायनस-आर जास्त ओळखीची. हाताशी प्लस-आरच असेल तर काही रायटरांत तिचा ‘बुक टाइप’ डीव्हीडी-रॉम करता येतो, मग प्लेयर तिला विकत आणलेल्या सिनेमाची डिस्क समजून मुकाट्याने चालवतो.

कोऱ्या डिस्क आता दुकानात मिळतात त्या जुन्या साठ्यातल्याही असू शकतात. पन्नासचा डबा घेण्याआधी पाच घ्याव्यात, एक कडेपर्यंत भरून पडताळावी, मगच उरलेल्या घ्याव्यात. डबा खिडकीत ठेवू नये, रंगद्रव्याला ऊन सोसत नाही. वाया गेलेल्या मात्र फेकू नका; शेताच्या बांधावर पाखरं हाकायला त्या चांगल्या लकाकतात.