मदत करायला गेलेल्यांची पहिली गरज

परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचे ठरवणाऱ्या तरुणाच्या मनात कामाचे चित्र बहुधा स्पष्ट असते. वृद्धाश्रमातील आजी-आजोबा, बालवाडीतील मुले किंवा सेंद्रिय शेतीचे मळे त्याच्या डोळ्यांसमोर असतात, परंतु ज्या शहरात राहून हे काम करायचे, त्या शहरात बस्तान बसवण्यासाठी लागणारे कष्ट तो क्वचितच जमेस धरतो. जर्मनीच्या उदाहरणावरून ही बाब चांगली उलगडते, कारण तरुणांच्या स्वयंसेवेला त्या देशाने फार पूर्वीपासून कायद्याची चौकट दिली आहे. ‘ऐच्छिक सामाजिक वर्षा’चा कायदा १९६४ मधला. पुढे २०११ मध्ये सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाली आणि तिला पर्याय म्हणून तरुणांना रुग्णालयांत व वृद्धाश्रमांत करावी लागणारी नागरी सेवाही थांबली, तेव्हा ती पोकळी भरून काढण्यासाठी त्याच वर्षी १ जुलैपासून ‘बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट’, म्हणजे संघराज्याची स्वयंसेवा, सुरू झाली. जर्मन तरुणांना आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत पाठवणारा ‘वेल्टव्हेर्ट्स’ हा उपक्रम २००८ मध्ये आला. साधारण २०१३ पासून त्याला उलट दिशेची शाखा फुटली आणि १८ ते २८ वयोगटातील परदेशी तरुणांना जर्मनीत सेवेसाठी येण्याची वाट मोकळी झाली.

या सेवेला पगार नसतो. हातखर्चापुरता भत्ता मिळतो, सामाजिक विम्याचे हप्ते यजमान संस्था भरते आणि बऱ्याचदा राहण्याची सोयही करते. कागदावर ही व्यवस्था चोख दिसते. तरीही पहिल्या काही आठवड्यांत स्वयंसेवकाची जी तारांबळ उडते, तिचे मूळ कामात नसून अगदी साध्या व्यवहारांत असते. उदाहरणार्थ, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाने लिहून दिलेला दाखला सोबत न्यावा लागतो. या नोंदणीनंतर कर क्रमांक टपालाने येतो. बँकेचे कार्ड एका पाकिटात आणि त्याचा गुप्त क्रमांक दुसऱ्या पाकिटात, असे वेगवेगळे येतात. मात्र जर्मन इमारतींमधील घरांना अनेकदा क्रमांकच नसतात. टपालवाला पत्रपेटीवरील आडनाव वाचून पत्र टाकतो, आणि ते आडनाव तेथे नसेल तर पाकीट आल्या वाटेने परत जाते. म्हणून पत्रपेटीवर नि घंटीशेजारी स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावणे हे क्षुल्लक वाटणारे काम पहिल्याच दिवशी उरकावे लागते, आणि ते करायचे असते हे सांगणारे कोणीतरी जवळ असावे लागते.

येथेच या अनुभवाचा गाभा आहे. मदत करण्याच्या उमेदीने आलेला तरुण प्रत्यक्षात पहिले काही महिने मदत घेणारा असतो. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकून परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्या मुलीलाही सॅक्सनीतील वृद्धाश्रमात बोलीभाषेतून भरभर बोलणाऱ्या आजींचे वाक्य दोन-तीनदा विचारून घ्यावे लागते, आणि आजींना चहा हवा आहे की खिडकी बंद करायला हवी, हे समजण्यासाठी अनुभवी परिचारिकेकडे पाहावे लागते. बालवाडीत तर चार वर्षांची मुले नवख्याचे लिंग-वचन बेधडक सुधारतात. यात कमीपणा मानणारा स्वयंसेवक हळूहळू गप्प होतो, तर शिकवून घेणारा लवकर रुळतो. म्हणूनच यजमान संस्थेने पहिल्या तिमाहीत स्वयंसेवकाच्या उपयुक्ततेचा हिशेब मांडू नये, हे आग्रहाने सांगावेसे वाटते.

या काळातील मनःस्थितीचा अभ्यासही झालेला आहे. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ दि जानेरो येथील व्याख्यानात ‘सांस्कृतिक धक्का’ ही कल्पना विस्ताराने मांडली. ओळखीच्या खाणाखुणा एकाएकी नाहीशा झाल्याने येणारी अस्वस्थता, असा तिचा आशय आहे. पाठोपाठ १९५५ मध्ये नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर लिस्गोर यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांची पाहणी केली, तेव्हा सहा महिन्यांहून कमी किंवा दीड वर्षाहून अधिक काळ राहिलेल्यांपेक्षा मधल्या काळाएवढे राहिलेल्यांचे जुळवून घेणे कमी पडलेले आढळले. सुरुवातीची चढती उमेद, मग उतार आणि पुन्हा चढ, अशा या आलेखाला पुढील काही संशोधकांनी आव्हान दिले आणि अडचण सर्वांत जास्त सुरुवातीलाच असते असे दाखवले. पण दोहोंपैकी काहीही खरे मानले तरी बारा महिन्यांच्या सेवेतील बराचसा भाग याच खडतर टप्प्यात जातो, हे उघड आहे. वर्षभरात पंचवीस दिवस शिबिरांसाठी राखून ठेवण्याचा जर्मन नियम त्यामुळे शहाणपणाचा वाटतो, कारण निरनिराळ्या ठिकाणी सेवा करणारे तरुण तेथे एकत्र येऊन आपापल्या अडचणी मोकळेपणाने बोलू शकतात.

त्यात हिवाळ्याची भर पडते. लाइपझिगमध्ये डिसेंबरात आठनंतर उजाडते आणि चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दिवसभर घरात किंवा संस्थेत काम करणाऱ्याला सुट्टीखेरीज ऊन दिसत नाही. रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्याने शनिवारी किराणा भरायचे विसरलेल्याची पंचाईत होते. कामाची वेळ संपल्यावर सहकारी आपापल्या घरी जातात आणि मैत्री आपोआप होत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. जर्मन समाजात ओळखी वाढतात त्या ‘फेराइन’मध्ये, म्हणजे नोंदणीकृत सभासदमंडळांत; गायनवृंद, फुटबॉल, बागकाम, बुद्धिबळ अशा नाना कारणांनी ही मंडळे गावोगावी भरतात आणि ठरलेल्या वारी नेमाने येणाऱ्या माणसाला तेथे जागा मिळते. काही मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळेही आहेत आणि गणेशोत्सवातील आरती-मोदकांचा आधार एकाकी मुलाला फार मोठा असतो. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी स्वतःची संस्कृती राखणे आणि नव्या समाजात मिसळणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधण्याला ‘एकात्मता’ म्हटले आहे. त्या दृष्टीने शनिवारी मंडळाच्या ढोलपथकाचा सराव आणि मंगळवारी मोहल्ल्यातील गायनवृंदाची तालीम, असा आठवडा आखणाऱ्या स्वयंसेवकाला दोन्हीकडची माणसे नावाने ओळखू लागतात.