सुवर्णकेंद्र फुटताना

सोन्याच्या अणुकेंद्रात 79 प्रोटॉन आणि 118 न्यूट्रॉन, असे 197 कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. असे एक केंद्र प्रकाशाच्या सुमारे चार-पंचमांश वेगाने दुसऱ्यावर आदळले तर काय उरेल? सुटे कण तर उधळतातच. पण लिथियम, कार्बन, ऑक्सिजन यांच्या केंद्रांएवढे मध्यम तुकडेही बाहेर पडतात. जर्मनीतील डार्मश्टाट येथे 1990 च्या दशकात ते मोजले गेले. धक्का हलका असता तुकडे थोडे. तो वाढला की त्यांची संख्या वाढते, आणि फारच वाढला की पुन्हा घटते, कारण मग साऱ्याचाच भुगा होतो.

तुकडे मोजता येतात. ते घडताना मात्र पाहता येत नाहीत. म्हणून ही टक्कर संगणकात घडवून आणावी लागते. 1986 साली योर्ग आयशेलिन आणि होर्स्ट श्ट्योकर यांनी त्यासाठी एक पद्धत मांडली. तीत प्रत्येक कण हा एक धूसर ठिपका मानून त्याचा मार्ग स्वतंत्रपणे काढतात. सर्वांची सरासरी घेतली तर गुठळ्याच पुसल्या जातात. म्हणून एकेक टक्कर वेगळी, आणि अशा टकरी पुनःपुन्हा.

प्रत्येक कण कोठे आहे हे संगणकाला ठाऊक असताना तुकडे मोजण्यात अडचण ती कसली, असे आम्हांसही वाटले होते. जुना नियम साधा होता: दोन कणांतील अंतर सुमारे चार फर्मींहून कमी असेल, तर ते एकाच तुकड्यातले. (एक फर्मी म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग.) परंतु जत्रेत खेटून उभी असलेली माणसे एकाच घरची असतात असे थोडेच आहे! टक्कर ऐन भरात असताना या नियमाला सगळा एकच गोळा दिसतो. तुकडे दूर पांगेपर्यंत थांबावे लागते, आणि तोवर संगणकातले तुकडे कण गमावून बसतात.

राजीव पुरी, आयशेलिन आणि त्यांचे सहकारी यांनी 1996 च्या सुमारास प्रश्नच बदलला. जवळ कोण आहे हे न पाहता, कणांची कोणती वाटणी सर्वांत घट्ट बांधलेली आहे हे त्यांनी शोधले. 197 अधिक 197 कणांच्या वाटण्या अगणित. त्या एकेक तपासणे अशक्यच. म्हणून धातू तापवून सावकाश निववावा, तशी संगणकाने वाटणी आधी मोकळेपणी बदलायची आणि हळूहळू स्थिरावू द्यायची. पुरी पुढे चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात याच विषयावर काम करीत राहिले.

या रीतीने पाहता, गोळा अजून दाट असतानाच कोणता कण कोणत्या तुकड्यात जाणार हे बरेचसे ठरलेले आढळले. हलक्या धक्क्यांत जुन्या नियमाने कमी भरणारी तुकड्यांची संख्याही डार्मश्टाटच्या मोजणीशी जुळू लागली.